उघडा तळहात

सत्तरच्या दशकात भोकरदनच्या स्टँडबाहेर काकांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. त्याआधी ते हवाईदलात विमानं तपासायला होते. सायकल दुरुस्त झाली, की गिऱ्हाइकाला देण्याआधी ते तिच्यावरून उघडा तळहात फिरवत. कडाक्याच्या थंडीतही हातात मोजे नसत. मला त्या हाताची उगीच भीती वाटायची.

एका जानेवारीत जालन्याची पहिली बस दंवानं भिजून उभी होती. आम्ही आत बसलो होतो. ते आले आणि बसच्या पत्र्यावरून हात फिरवत दंव पुसू लागले.

ड्रायव्हर हसला. "काका, बस हाय ही. उडायची न्हाई."

"काश्मीरात विमानाच्या पंखावर असाच बर्फ बसल्ता," ते पुसता पुसता म्हणाले. "लई पातळ, डोळ्याला दिसंना. हात लावला असता तर खरखर कळली असती. पंख खरखरीत झाला की हवा त्याला बराबर उचलत न्हाई. जरा वर गेलं अन् पडलं."

"मंग हात का न्हाई लावला?"

"थंडी होती. मी मोजा काढला न्हाई."

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. ते बसच्या दुसऱ्या बाजूला गेले. तिकडचं दंव पुसून होईपर्यंत कंडक्टरनं घंटी ओढली नाही.