मोहाखालची अक्षरं

आमच्या बांधावरचा मोह फाल्गुनात पडायला लागतो. झाडाखालचा पालापाचोळा जाळून जमीन साफ करायची आणि पहाटे टोपली घेऊन जाऊन बसायचं. मोह कुणी हलवत नाही, काठीनं झोडत नाही. जेवढा पडला तेवढा वेचायचा, बाकीचा झाडावर राहू द्यायचा. ऊन चढलं की पडणं थांबतं. मग टोपल्या घरी आणून फुलं अंगणात वाळत घालायची. आमच्याकडे ती बाबांच्या पत्रकांवर वाळतात.

बाबा दारूबंदीचं काम करायचे. मुलचेऱ्याच्या आसपासच्या गावांत सायकलनं पत्रकं वाटत फिरायचे. पावसाळ्यात भामरागडकडचे रस्ते तुटले की तिकडे न्यायचे गठ्ठे घरातच पडून राहायचे, आणि बाबा अस्वस्थ होऊन ते मोजायचे, पुन्हा बांधायचे. ते गेले तेव्हा घरात धानाच्या पोत्यांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त होते. वर मोठ्या काळ्या अक्षरांत ओळ होती, ‘दारू बंद, गाव मोकळं’. त्यावर मोह पसरताना वहिनी सासऱ्यांची आठवण काढून हसायची.

“मामाजी वरून पाहत असन तर म्हनत असन, माह्याच परच्यावर दारूचा माल वाळून राह्यला.”

मी चिडायचे. “मोह खायालेबी लागते वहिनी. सारा भट्टीतच जाते का?”

“हसा ना जराशा बाई. घर हाय हे, सभा नाई.”

मी हसत नसे. मला हसणं उशिरा आलं, वाचणं मात्र फार लवकर. शाळेत जायच्या आधीपासून मी पत्रकं वाचत होते. बाबा मला सभेत स्टुलावर उभं करायचे आणि मी अख्खं पत्रक खणखणीत आवाजात वाचून दाखवायचे. माणसं टाळ्या वाजवायची. बाया म्हणायच्या, “काय बोलते पोरगी!” मी बोलत नव्हते, वाचत होते. पण तो फरक त्या वेळी कुणालाच महत्त्वाचा वाटला नाही. मलाही नाही.

माझ्या भावाची मुलगी माझ्या अगदी उलट निघाली. तिच्या वयाची पोरं अंगणात भांडणं करू लागली तरी ही गप्प. मुकी नव्हती. शेळीच्या पिलाच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी गुणगुणायची, ताटातली भाजी नको असली की ताट हळूच माझ्याकडे सरकवायची, हाक मारली की वळून बघायची. तालुक्याच्या डॉक्टरांनी कान तपासले, घसा पाहिला आणि सांगितलं, सगळं नीट आहे, बोलेल. वहिनीला ते पटलं नाही. वहिनी राजुऱ्याकडची, कोळसा खाणीजवळच्या वस्तीत वाढलेली. तिची बहीण अजून तिथेच राहते. बहिणीचा मुलगा फोनवर इंग्रजी कविता म्हणून दाखवायचा आणि शेवटी बहीण विचारायची, “तुमची काऊन बोलत नाई वो अजून? आत्याचं ऐकून ऐकून दमली का?” वहिनी फोन ठेवायची आणि उगीचच भांडी आपटायची.

पोपटाचं उष्टं खाल्लं की मूल बोलतं, असं आमच्याकडे मानतात. शेजारच्या गावात एकाकडे पाळलेला पोपट होता. वहिनी उन्हातून चालत तिथे गेली, पिंजऱ्यात पेरू ठेवला, पोपटानं चोच मारेपर्यंत बसून राहिली आणि तो कुरतडलेला पेरू पदरात बांधून घेऊन आली. मुलीनं तो दोन्ही हातांत धरला, सगळीकडून पाहिला आणि खाल्ला नाही. उठून बांधावर गेली, मोहाच्या बुंध्याशी ठेवून आली आणि वर फांद्यांकडे बघत उभी राहिली. पोपटाचा पेरू पोपटाला परत द्यायचा, एवढंच तिचं म्हणणं होतं. मला ते इतकं स्पष्ट बोलणं वाटलं की मी वहिनीला तसं म्हणालेही. वहिनी रडली.

ती बोलली ती एका सकाळी, सहज. मी तिला झाडाखाली बसवलं होतं. एक फूल तिच्या डोक्यावर पडलं, ओघळून मांडीवर आलं. तिनं ते उचललं आणि म्हणाली, “पडला.” रोजच बोलत असल्यासारखी. मी टोपली टाकून घराकडे धावले. वहिनी आली, तिच्यासमोर बसली, म्हणाली, “बोल ना माय, आणखी एकदा बोल.” ती बोलली नाही. वहिनी दुपारपर्यंत तिच्यामागे फिरत होती.

त्यानंतर ती बोलत गेली, पण तिच्या हिशेबानं. एखादा शब्द, मग बराच वेळ काही नाही. अंगणवाडीत तर एक अक्षर नाही. तिथे ‘बोल, बोल’ म्हणून तिला सगळ्यांसमोर उभं करायचे आणि ती पायाच्या अंगठ्याकडे बघत राहायची. मला संताप यायचा. लहान मुलाला ‘बोल’ म्हणणारा माणूस बहुतेक वेळा ऐकायला बसलेलाच नसतो. त्याला दाखवायचं असतं. माझ्या लहानपणी दाखवायला मी होते, आता फोनवर दाखवायला बहिणीचा मुलगा होता, आणि हिच्याकडून दाखवण्यासारखं काहीच निघत नव्हतं, हाच तिचा गुन्हा.

मग तो उन्हाळा आला. मी अंगणात पत्रकांवर मोह पसरत होते. ती माझ्याजवळ बसली आणि एकेक फूल बाजूला सरकवू लागली. मला वाटलं, खेळते आहे. नीट पाहिलं तर ती फुलं अक्षरांवरूनच उचलत होती. एक फूल उचलायचं, खालच्या अक्षराकडे बघायचं, बोटानं त्याच्या वळणावरून फिरायचं, आणि फूल परत त्याच्यावर ठेवायचं, जणू त्याला झाकून निजवतेय. मी तिला काही विचारलं नाही. ती अक्षरावर बोट ठेवून माझ्याकडे बघायची तेव्हा मी ते अक्षर सांगायचे. नाही बघितलं तर गप्प. कधी ती सकाळभरात एकच अक्षर उघडायची. कधी मध्येच उठून शेळ्यांकडे जायची. मोह सरत आला तेव्हा एकदा तिनं दोन फुलं एकदम उचलली, वाकून पाहिलं आणि हसून म्हणाली, “गाव.” मग मागे वळून रस्त्याकडे, विहिरीकडे, शेजारच्या कौलांकडे हात केला. “हे.”

मी आयुष्यभर तो शब्द वाचत आले होते. वाचून झाल्यावर मान वर करून गावाकडे मात्र कधी बघितलं नव्हतं.

पण तोवर वहिनीचं ठरलं होतं. चंद्रपूरला एक निवासी इंग्रजी शाळा होती. बहिणीनं सांगितलं होतं, तिथे कसंही मूल बोलतं करतात. भाऊ ट्रकवर असायचा, आठवड्यात एकदा घरी यायचा. तो म्हणाला, “तुमी दोघी ठरवा.” म्हणजे वहिनीनं ठरवायचं.

मी भांडले. पत्रकात लिहावं तशी भांडले. वाचायला लागली आहे, बोलायला लागली आहे, आता तिला उपटू नका, म्हटलं. मग बांधाकडे हात करून म्हटलं, “मोह कोनी झोडून पाडते का वहिनी? आपल्या वेळेनं पडते ना?”

वहिनी शांत होती. “माही पोरगी झाड नोहे, बाई. झाडाले कोनी वर्गातून उठवत नाई. तुमाले दोन वर्सांनंबी चालन, तुमी आत्या हाय. मले लोकं विचारतात.” मग हळू आवाजात म्हणाली, “मले तिनं अजून माय म्हनून हाक नाई मारली. तुमाले मोहाखाली सारं सांगते. मले नाई.”

ते खरं होतं. मुलगी माझ्याशी बोलायची, कारण मला तिच्याकडून काही नको होतं. वहिनीला इतकं हवं होतं की तिच्यासमोर मुलीचे ओठ मिटून जायचे. आणि ज्या शब्दासाठी वहिनी तिला घेऊन जायला निघाली होती, तो इथेच, थोडा उशिरा, मिळाला असता असं मला वाटत होतं. सिद्ध करता येत नव्हतं. जूनमध्ये ती गेली.

दिवाळीत आली तेव्हा धान कापणी चालू होती. दारात येऊन थांबली, ताठ उभी राहिली, म्हणाली, “मे आय कम इन?” अंगणातली माणसं हसली. वहिनीनं शेजारणींना बोलावलं. मुलगी हात मागे बांधून कविता म्हणू लागली, मग दुसरी, मग फळांची नावं, मग रंगांची. आवाज खणखणीत, नजर समोरच्या भिंतीवर. मला तो आवाज ओळखीचा वाटला. स्टुलावरचा तो माझाच आवाज होता.

संध्याकाळी गर्दी पांगल्यावर मी एक पत्रक तिच्यासमोर धरलं. शाळेत मराठीही घोकून घेत असावेत, तिनं पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत न अडखळता वाचलं. ‘गाव’ आला, गेला. बोट कुठे थांबलं नाही, मान कुठे वळली नाही. वाचून झालं तशी ती शाबासकीसाठी माझ्याकडे बघू लागली.

मी विचारलं, “येता येता बसमधून काय काय दिसलं तुले?”

ती गोंधळली. उत्तर कुठेतरी ठेवलेलं असावं आणि सापडू नये, तशी. मग म्हणाली, “याचं उत्तर आमाले शिकवलं नाई, आत्या.”

वहिनी चुलीपाशी होती. तिनं ऐकलं. तव्यावरची भाकर तशीच राहिली, करपल्याचा वास सुटला. ती उठून आली, मुलीसमोर बसली, तिचा चेहरा हातात घेतला. “मले काय म्हनशीन तू? सांग.”

“मम्मी,” ती लगेच म्हणाली. आणि मग, “थँक्यू, मम्मी.”

हाक मिळाली होती. वहिनी गोठ्याकडे निघून गेली. मी मागे गेले नाही. तिच्याविरुद्ध तयार ठेवलेली माझी सगळी वाक्यं त्या क्षणी निरुपयोगी झाली.

सुट्टी संपली. जाताना तिनं सगळ्यांना ओळीनं ‘बाय’ केलं. शेळीच्या पिलाला केलं नाही. आता ते मोठं झालं होतं, तिनं ओळखलंही नसेल.

मी वहिनीला विचारलं, परत आणायची का? ती म्हणाली, भरती केलेली आहे, वर्ष तरी होऊ द्या. मग म्हणाली, आता आणून तरी काय, जे नेलं ते थोडीच परत येईल.

यंदा फाल्गुनात मी अंगणात पत्रकं पसरली. वहिनी माझ्याआधी टोपली घेऊन आली. दारूच्या मालाचा विनोद तिनं केला नाही. फुलं पसरताना ती अक्षरं मोकळी सोडत होती.

“पोरगी उन्हाळ्याच्या सुट्टीत येईन तवा मोह संपला राहीन का, बाई?”

“संपला राहीन.”

तिनं एक ओंजळ बाजूला काढली, एका पत्रकात गुंडाळली आणि आतल्या फळीवर ठेवली. तिलाही ठाऊक आहे. ओला मोह फिका आणि रसरशीत असतो, मुलांच्या बोटांना चिकटतो. ठेवला की वाळतो, काळा पडतो.

मी रोज येता-जाता फळीकडे बघते. पुडी अजून तिथेच आहे.