विगची वेणी
कोमट खोबरेल तेलाचा वास आला की मला माझा विग आठवतो. केमो संपली होती, सोमवारपासून ऑफिस सुरू होणार होतं, म्हणून मीरा रोडच्या एका दुकानात तासभर बसून मी आयकार्डावरच्या फोटोसारखा, डावीकडे भांग असलेला विग निवडला होता. दुकानदाराने दोनदा बजावलं होतं, "मॅडम, तेल बिलकुल मत लगाना." रविवारी सकाळी तो बेबी शाम्पूने धुऊन गॅलरीत पालथ्या पातेल्यावर वाळत ठेवला आणि जरा आडवी झाले. उठून बघते तर सासूबाई तेलाची वाटी घेऊन बसलेल्या आणि विगची घट्ट वेणी घातलेली, टोकाला माझं जुनं रबरबँड. लग्न झाल्यापासून दर रविवारी माझ्या केसांना तेल त्याच लावायच्या. केस गळायला लागल्यावर मीच ते बंद केलं होतं. "किती कोरडा पडला होता गं," त्या म्हणाल्या. माझा पारा चढला. "अहो आई, हे काय माझे केस आहेत का?" त्या वाटीत बघत राहिल्या. "डोक्याला तर हात लावू देत नाहीस, म्हटलं निदान याला तरी लावावं." तीनदा धुऊनही विग चिकटच राहिला. सोमवारी मी ओढणी बांधून गेले. गेटवरच्या सिक्युरिटीवाल्याने एकदा आयकार्ड, एकदा मला, असं दोनदा पाहिलं. आता केस खांद्याखाली आलेत. तेल मला अजूनही आवडत नाही, उशा खराब होतात. पण रविवारी त्या वाटी घेऊन आल्या की मी मुकाट्याने त्यांच्या पुढ्यात खाली बसते. वेणी त्या तशीच घट्ट घालतात.