धामणीच्या पेटीवरचा डाग

तो डाग मी रोज पुसत होते. सलग अठरा दिवस. सकाळी आठला कंपनीत शिरायचं, पर्स केबिनमध्ये टाकायची, आईच्या जुन्या सुती पातळाचा तुकडा ओला करायचा आणि पेटीचा उजवा पुढचा कोपरा लख्ख करायचा. मग रजिस्टरमध्ये नोंद. ‘डाग. तळापासून चार बोटं वर. पुसला.’ शेवटचा रकाना कारणाचा असायचा. त्यात मी लिहायचे, ‘दमट हवा.’

माझ्या हुद्द्याचं नाव क्वालिटी कंट्रोल इंजिनिअर होतं. म्हणजे डाग का पडला हे शोधायचा पगार मला मिळत होता. पुसायचा नाही.

ही नव्वद सालाच्या आगेमागची गोष्ट. सिल्वासाजवळ सायली गावात प्लॅस्टिकचे क्रेट आणि बरण्या करणारा आमचा कारखाना होता. मी नाशिकहून आलेली, नाकावर चष्मा आणि नाकाच्या शेंड्यावर अक्कल. पॅकिंगला बायका बऱ्याच होत्या, पण ऑफिसर म्हणून मी एकटी. प्लँट मॅनेजर मेहताभाईंनी माझ्यासाठी शेडच्या मधोमध काचेची केबिन बांधली. चारही बाजूंनी काच.

“बेन, तुमाला सगळी मशीन एका जागेवरून दिसली पाहिजे.”

दिसायची. आणि सगळ्या मशीनवाल्यांना मी दिसायचे. डबा खाताना, केस सारखे करताना, पेंगताना. आठवड्याभरात मी एका सिमेंट कंपनीचं भलंमोठं कॅलेंडर कँटीनच्या बाजूच्या काचेवर चिकटवलं आणि त्याच्या आड खुर्ची ओढली.

“काच कशाला लावली मग मी?” मेहताभाई म्हणाले.

“तारीख बघायला,” मी म्हटलं.

आता मुद्द्याचं. पेटीच्या आदल्या पावसाळ्यात आमचा एक ऑपरेटर गेला. सुकलाल, नंदुरबारकडचा. खोलीत जमिनीवर झोपला होता, तिथे साप चावला. सोबतच्यांनी साप मारला, उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाले, कवड्या आहे, याला विष नसतं. सुकलाललाही फार दुखत नव्हतं. तो सकाळी कामावर आला. दहाच्या सुमारास पोटात कळा आल्या, मग डोळ्यांच्या पापण्या उघडेनात. ती मण्यार होती. दवाखान्यात पोचेपर्यंत उशीर झाला होता. त्याची बायको पुढच्या महिन्यात पगार घ्यायला आली, तेव्हा रजिस्टरवर अंगठा मी घेतला.

म्हणून मेहताभाईंनी सुरंगी गावच्या भोयेसरांना बोलावलं. भोयेसर प्राथमिक शिक्षक. वाड्यापाड्यांत फिरून साप ओळखायला शिकवायचे. वनखात्याची चिठ्ठी त्यांच्या खिशात असे आणि ‘हौस म्हणून कोणी घरी साप ठेवू नये, कायद्यात बसत नाही’ हे त्यांचं पहिलं वाक्य असे. त्यांच्याकडे एक कवड्या होता, एक दिवड होती आणि एक सहा फुटी धामण. बिनविषारी. सहा वर्षं त्यांनी ती सांभाळली होती. तिला ते ‘बाई’ म्हणत. शाळेतली पोरं तिच्या पाठीवरून हात फिरवत. तिला हात लावलेला माणूस पुन्हा साप दिसताच काठी शोधत नाही, असा त्यांचा अनुभव होता.

अडचण पेट्यांची होती. लाकडी पेटी, वर जाळी. मागच्या माणसाला काही दिसत नसे. जाळीने सापाच्या तोंडालाही लागे.

“बेन, पेटी आपण बनवू,” मेहताभाई म्हणाले. “खर्च कमी, पण दिसायला एकदम फर्स्ट क्लास. सब दिखना चाहिए.”

“उचलून बसमध्ये नेता आली पाहिजे,” भोयेसर म्हणाले.

एवढंच त्यांनी सांगितलं. बाकी मी ठरवलं.

काच स्वस्त, पण जड आणि बसच्या टपावर एका खड्ड्यात खलास. पॉलिस्टायरीन म्हणजे आपल्या पेनाच्या पारदर्शक डबीचं प्लॅस्टिक. दिसायला काचेसारखं, पडलं की बिस्किटासारखं. पॉलिकार्बोनेट हातोड्यालाही दाद देत नाही, पण त्याचा भाव ऐकून मेहताभाईंनी चहाचा कप खाली ठेवला. राहिलं अ‍ॅक्रिलिक, दुकानांच्या पाट्यांना वापरतात ते. राखोलीला पाट्या करणारा एक कारखाना होता. त्यांचे उरलेले तुकडे वजनावर मिळाले.

हवेसाठी भोकं पाडली आणि प्रत्येक भोकाची कड घासून, बोटाला लागणार नाही इतकी गुळगुळीत केली. जोडायला वापरलेल्या क्लोरोफॉर्मचा वास जावा म्हणून पेटी आठ दिवस वाऱ्यावर ठेवली. सायकलच्या ट्यूबमध्ये दोन किलो वाळू भरून त्याचा साप केला, तो आत ठेवला आणि पेटी टेबलावरून तीनदा पाडली. टिकली. सगळं खातं बघायला जमलं होतं. मी ट्यूबचं तोंड बाहेर काढून विचारलं, “काही त्रास?” सगळे हसले. त्या दिवशी माझ्याइतकी हुशार बाई दमणगंगेच्या दोन्ही काठांवर नव्हती.

तीन फूट लांब, दीड फूट उंच. सहाही बाजू पारदर्शक. तळसुद्धा.

पेटी टाइम ऑफिसपाशी ठेवली, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी. पावसाळाभर धामण आमच्याकडे राहणार, दर रविवारी भोयेसर सुरंगीहून येणार आणि तिन्ही पाळ्यांना शिकवणार, असं ठरलं. अ‍ॅक्रिलिकला ओरखडे पटकन पडतात. म्हणून मी फर्मान काढलं, पेटी माझ्याशिवाय कोणी पुसायची नाही.

दुसऱ्याच दिवशी पॅकिंगची जमनाबाई पेटीसमोर उभी होती. तीही सुरंगीचीच.

“बाय, तिला जायला जागा नाय.”

“तीन फूट आहे की, जमनाबाई.”

“तसां नाय,” ती म्हणाली. मी पुढचं ऐकायला थांबले नाही. मला मोल्डिंगला जायचं होतं.

डाग तिसऱ्या दिवशी दिसला. आतल्या बाजूने. धामण पलीकडच्या कोपऱ्यात वेटोळं करून असताना मी झाकण सरकवलं, फूटपट्टीला फडका गुंडाळला आणि पुसला. भ्यायले नाही, याचंच मला कौतुक.

पहिल्या रविवारी भोयेसर आले. धामणीची कातडी मळकट दिसत होती. “कात टाकायला आली असेल,” ते म्हणाले. त्यांनी आणलेला उंदीर तिने घेतला नाही. कात टाकायच्या आधी साप खात नाहीत, हेही त्यांनी सांगितलं. मग पेटीभोवती एक फेरी मारून त्यांनी विचारलं, “मॅडम, काचेला तोंड घासते का ही?”

“छे. अगदी स्वच्छ असते पेटी. बघा ना तुम्हीच.”

त्यांनी पाहिलं. पेटी स्वच्छ होती.

दुसऱ्या रविवारी फरशी पुलावरून पाणी गेलं. बस बंद. ते आले नाहीत. डागाला आता तपकिरी झाक आली होती. उंदराचं रक्त असेल, असं मी धरून चालले. उंदीर तिने खाल्लाच नव्हता. जमनाबाईने तो चिमट्याने उचलून माझ्यासमोर बाहेर टाकला होता. तरी.

तिसऱ्या रविवारी भोयेसर आले ते ओल्या छत्रीसकट थेट पेटीपाशी गेले. झाकण काढलं, धामणीला दोन्ही हातांत घेतलं, डोकं उजेडाकडे वळवलं. नाकाचा शेंडा सोलून आत गेला होता. ओठ सुजले होते. कडेला पांढरा पू.

“घासत नव्हती म्हणालात.”

“नाही हो, मी रोज सकाळी स्वतः पुसते...”

मी जाऊन रजिस्टर आणलं. लपवता आलं असतं. ते सुचलं नाही, एवढंच माझ्या बाजूने सांगता येईल. भोयेसरांनी ते टेबलावर ठेवलं आणि पोरांची वही तपासावी तसं एकेका ओळीखाली बोट धरून वाचलं. तोच कोपरा. तीच चार बोटं. दमट हवा. दमट हवा. दमट हवा.

“मॅडम,” ते म्हणाले, “अक्षर छान आहे तुमचं.”

चिडले असते तर बरं झालं असतं.

गुरांच्या डॉक्टरांनी औषध दिलं. पाचव्या दिवशी धामण गेली. भोयेसरांनी तिला घरामागच्या मोहाच्या झाडाखाली पुरलं. मी गेले होते. शाळेतली पोरं आली होती. त्यांच्यापैकी एकाने मला विचारलं, “कशानं मेली बाई?” मी म्हटलं, “माझ्या चुकीने.” त्यानं मान डोलावली आणि माती लोटायला लागला.

मला वाटलं होतं, हा माणूस आता आमच्या गेटात पाय ठेवणार नाही. पंधरा दिवसांनी ते आले. हातात कापडी पिशवी, पिशवीत कवड्या.

“पावसाळा अजून सरला नाही, मॅडम. पेटी करू या दुसरी.”

या वेळी मी आधी विचारलं. त्यांनी सांगितलं, मी लिहून घेतलं. सापाला काच कळत नाही. समोर मोकळं दिसतं, तिकडे जायला बघतो, अडतो, पुन्हा जातो. अंग भिंतीला टेकलं आणि डोकं अंधारात गेलं की मग तो स्वस्थ बसतो. धामण तर मुळातच सळसळती. तिला आम्ही चव्हाट्यावर ठेवली होती.

नवी पेटी अशी झाली. तीन बाजू आणि तळ आमच्याच रिजेक्ट क्रेटच्या जाड करड्या भिंतींचे. रिजेक्ट म्हणजे तपासणीत नापास झालेला माल, तो तसाही दळायलाच जायचा. फक्त पुढे अ‍ॅक्रिलिकची खिडकी, तीही अर्ध्या उंचीची. आत उपडा ठेवलेला फुटका माठ. वजन निम्मं. खर्च तर तिसऱ्या हिश्श्यावर आला, कारण महाग होता तो पारदर्शकपणाच.

मेहताभाईंनी पेटी उचलून पाहिली. “हे पहिल्यांदाच का नाय बनवलं, बेन?”

त्यांनीच सांगितलं होतं, सब दिखना चाहिए. पण पेटी आखली होती मी.

पेटीशेजारी भोयेसरांनी मण्यारीचं चित्र लावलं. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होतात. मण्यारीचं उलटं, मानेशी जवळजवळ नाहीत, शेपटीकडे ठळक, जोडीजोडीने. कवड्या दिवसभर माठाखाली असायचा. लोक खाली वाकून त्याची वाट बघायचे. वाट बघताना शेजारचं चित्र पुन्हा पुन्हा वाचायचे. हे आम्ही ठरवलेलं नव्हतं.

पुढच्या पावसाळ्यात शेजारच्या शेडमधल्या एकाला झोपेत साप चावला. दुखत नव्हतं, पण आमच्या पॅकिंगच्या दोघांनी शेपटीकडचे पट्टे पाहिले आणि त्याला तडक सिल्वासाला नेलं. तो वाचला. महिन्याभराने कामावर आला, तेव्हा मी त्याच्याकडे दोनदा बघून घेतलं.

माझ्या नोंदवहीत मी एकच बदल केला. कारणाचा रकाना शेवटून उचलून पहिला केला. तो भरल्याशिवाय फडक्याला हात लावायचा नाही. निवृत्त होईपर्यंत पाळलं. घरात अजून पाळते, म्हणून सून वैतागते.

एक प्रश्न मात्र उरला होता. नवी पेटी लागली त्या दिवशी डब्याच्या सुट्टीत मी जमनाबाईला केबिनमध्ये बोलावलं. ती दारातच उभी राहिली.

“तू दुसऱ्याच दिवशी म्हणालीस, तिला जायला जागा नाही. तुला कसं कळलं? सरांना कळलं नाही, मला कळलं नाही.”

जमनाबाईने माझ्या डब्याकडे पाहिलं, मग माझ्या मागच्या काचेकडे.

“बाय, तुमी काचंत बसाया लागलां, आठ दिसांत कॅलेंडर चिकटवलां. तिच्यापाशी कॅलेंडर नव्हतां.”