माईकवरचं सोनं

पेचियम्माळनं सख्ख्या भावावर दावा लावला, तेव्हा अख्ख्या कोविलपट्टीनं तोंडात बोटं घातली. "भावाला कोर्टात ओढलं! लाज कशी वाटली नाही बाईला?" असं बोलणाऱ्यांत एकानंही कधी सुडलैमुत्तूच्या दारात जाऊन 'बाबा रे, बहिणीचं सोनं दे' म्हटलं नव्हतं. फुकटची तोंडं सगळी!

नवरा गेल्यावर तिच्यापाशी उरलं होतं ते पंधरा पवून, म्हणजे बारा तोळे सोनं. काडेपेटीच्या कारखान्यात बोटं सोलून घेतली, उपास काढले, पण लेकीच्या, पोन्नीच्या लग्नासाठी म्हणून त्याला हात लावला नाही. सुडलैला चिक्कीचा कारखाना काढायचा होता. तो आला, ओट्यावर बसून रडला. "अक्का, गहाण टाकतो, वर्षात सोडवून आणतो. मी काय परका आहे?" तिनं डबाच पुढे केला. भावाकडून कागद कसला लिहून घ्यायचा? कारखाना चालला, घरावर मजला चढला, सोनं मात्र काही परत आलं नाही.

मग पोन्नीला न्हाण आलं. अशा वेळी मामानं ताटं भरून, वाजतगाजत 'सीर' आणायचं, आणि कुणी काय दिलं ते माईकवर पुकारायचं. मामाच्या आहेराशिवाय पोरीला पाटावर बसवायचं म्हणजे जिवंत माहेर मेलं म्हणून सांगायचं. आदल्या दिवशी सुडलै मागच्या दारानं आला.

"अक्का, सोनं अजून सुटलेलं नाही गं. बायकोच्या माहेरची सगळी येणारेत. वरून मुलामा दिलेले दागिने आणतो, माईकवर पंधरा पवून म्हणू दे. माझी लाज तुझ्या हातात. पोंगलला खरं सोनं आणून देतो, आईची शपथ."

"मेल्या, आईला तरी मध्ये आणू नकोस," ती म्हणाली. पण तिला नाही म्हणवेना. धाकटा होता, तिच्या कडेवर वाढलेला.

दुसऱ्या दिवशी नादस्वरम वाजलं, ताटं आली. माईकवाला आकडा विचारायला आला तेव्हा भावानं तिच्याकडे बघितलं. तिनंच पुढे होऊन सांगितलं, "मामाकडून पंधरा पवून, म्हणा." मंडप कौतुकानं भरला. पोन्नी हसली, आणि पेचियम्माळचेही डोळे भरून आले.

पोंगल आला नि गेला. सुडलै फोन उचलेना. दारात गेली तर भावजय म्हणाली, "ते गावाला गेलेत." आणि आतून त्याचा खोकला ऐकू आला. त्याच आठवड्यात तिनं वकील गाठला.

कोर्टात सुडलैनं काहीच नाकारलं नाही. "सोनं घेतलं होतं साहेब. भाचीच्या सोहळ्यात सगळ्यांसमोर परत केलं." त्याच्या वकिलानं सोहळ्याचा व्हिडिओ लावला. पडद्यावर पेचियम्माळ माईकवाल्याकडे वाकून बोलत होती. तिचा स्वतःचा आवाज, खणखणीत.

"हा आवाज तुमचाच ना?" न्यायाधीशांनी विचारलं.

"माझाच साहेब. पण ते खोटं होतं, त्याची अब्रू जाऊ नये म्हणून..."

"म्हणजे तुम्ही तिथं खोटं बोललात. मग इथं खरं बोलताय कशावरून?"

पुढच्याच तारखेला दावा फेटाळला.

बाहेर चिंचेखाली सुडलै उभा होता. मान खाली, पण चपला नव्या. "अक्का, झालं गेलं विसर. पोन्नीच्या लग्नात मामा म्हणून मीच ताटं घेऊन येईन. बघ, कशी थाटात आणतो ती!"

मग आयुष्यात पहिल्यांदा तिनं चारचौघांत त्याच्यावर तोंड टाकलं. "चोर आहे हा! पितळ आणलं यानं माझ्या पोरीला, पितळ! माझ्या पोरीला मामा नाही, मेला तो!" घसा फाटेपर्यंत ती तेच ओरडत राहिली. आवारातल्या लोकांनी वळून बघितलं, आणि मग जो तो आपापल्या तारखेच्या मागे लागला.