तबस्सुमचं झाड आणि एक मेमो

तबस्सुमशी माझं पटत नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी मला तिची जिवाभावाची मैत्रीण समजायला नको. वाळूजच्या आमच्या पंपांच्या कंपनीत, सुटे भाग विकणाऱ्या खात्यात, आम्ही दोघी एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसतो. पंख्यावरून भांडतो, खिडकीवरून भांडतो. तिला जन्मापासून दिसत नाही आणि मला जन्मापासून धीर नाही. तिच्या एका कानात कॉम्प्युटरचा इअरफोन असतो, दुसऱ्या कानाला फोन. इअरफोनमधून तिचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, इतक्या वेगानं बोलतो की मला नुसती किरकिर ऐकू येते. तिला त्यातला शब्द न् शब्द कळतो, आणि वर माझ्या डब्यात काय आहे तेही कळतं.

तिचे अब्बा, फारूखभाई, हर्सूलला मिक्सर आणि मोटारी दुरुस्त करतात. लहानपणी ही पोर दुकानात बसून नुसत्या वासावरून कुठली मोटर जळलीय ते सांगायची, असं ते म्हणतात. बापाचं कौतुक आहे, त्यातलं निम्मं सोडून द्यावं. पुढे ती बी.ए. झाली, कॉम्प्युटर शिकली आणि आमच्या कंपनीत लागली. कुठं लागली? रिसेप्शनच्या फोनवर. ज्याला दिसत नाही त्याची जागा फोनवर, हे आमच्याकडे जणू देवानंच ठरवून दिलंय. कित्येक वर्षं ती दिवसभर "थांबा, लाइन देते" एवढं एकच वाक्य बोलत होती. अर्ज करून, भांडून, शिवराज साहेबांच्या केबिनबाहेर उभं राहून राहून ती एकदाची आमच्या टेबलावर आली. शिवराज साहेब आमचे खातेप्रमुख. माणूस वाईट नाही. वाईट असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

आमचं काम सोपं. डीलरचा फोन येतो, त्याला हवा तो भाग कॉम्प्युटरवर शोधायचा, शिल्लक सांगायची आणि त्याच्या नावावर राखून ठेवायचा. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये कोड टाकला की झालं, आणि कोड तबस्सुमला तोंडपाठ. मग कंपनीला सुधारण्याची हुक्की आली. नवीन सॉफ्टवेअर आलं, त्यात डाव्या बाजूला एक झाड. 'ऑल पंप्स' हे खोड, त्याला पंपांच्या प्रकारांच्या फांद्या, फांदी उघडली की तिच्यात मोटर, इंपेलर, सील, बुश. दिसणाऱ्यांना एकदम झकास. तबस्सुमच्या स्क्रीन रीडरला मात्र त्या झाडाचं एक पान वाचता येईना. कुठल्याही फांदीवर जा, तो आपला "अननोन, अननोन" करत बसायचा.

सॉफ्टवेअर बसवायला आलेल्या मिहिरला तिनं हे सांगितलं. तो वाकून बघायला लागला.

"पण मॅडम, स्क्रीनवर तर सगळं दिसतंय."

मी डोक्याला हात लावला. तबस्सुम म्हणाली, "दिसतंय ना? मुबारक. आता डोळे मिटा आणि सील शोधा."

तो डोळे मिटेना, पण माउस मात्र त्यानं तिच्या हातापाशी सरकवला. आमच्याकडे सगळ्यांनाच ही खोड. ती कुठं अडली की जाणारा-येणारा "द्या, मी करून देतो" म्हणत माउस धरतो, दोन टिचक्या मारतो, पुण्य कमावून निघून जातो, आणि ती कुठल्या फांदीवर होती ते तिचं तिलाही सापडत नाही. भीक नको पण कुत्रं आवर, अशी तिची गत.

शिवराज साहेबांनी शेवटी सांगून टाकलं, "हे बघ तबस्सुम, या महिन्यात जमलं तर ठीक. नाय तर आपली परत फोनवर जा बाई. तिथं लई आराम आहे. कशाला डोक्याला ताप करून घ्यायलीस?"

त्या दिवशी ती जेवली नाही. माझ्या डब्यातल्या वांग्याच्या भाजीबद्दल एक शब्द बोलली नाही, तेव्हाच मला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

दुसऱ्या दिवसापासून ती स्क्रिप्ट लिहायला बसली. स्क्रिप्ट म्हणजे स्क्रीन रीडरला दिलेल्या सूचना, अमुक ठिकाणी असं वाच, तमुक ठिकाणी तसं वाग. तिनं ठरवलं, कंपनीचं झाड वाचता येत नाही ना, मग आपलं वेगळं झाड लावायचं. सॉफ्टवेअरच्या पोटातून भागांची नावं काढून ती एका नव्या खिडकीत मांडायची, आणि तिथं बाणाच्या बटणांनी फिरायचं.

पहिल्यांदा तिनं सगळं झाड एकदम भरायला घेतलं. कॉम्प्युटर जो गोठला तो मी चहा पिऊन आले तरी गोठलेलाच. मग तिनं फांदी उघडली तरच आतली पानं भरायची असं केलं. तर रिकाम्या फांदीला स्क्रीन रीडर फांदीच मानेना, उघडायलाच देईना. त्यावर तिनं प्रत्येक बंद फांदीत एक खोटं पान ठेवलं. फांदी उघडली की खोटं काढायचं आणि खरी भरायची. मला हे सगळं ऐकावं लागत होतं, कारण ती मोठ्यानं बोलत विचार करते आणि माझं बिल चुकतं.

झाड वाचायला लागलं. ती इतकी खूश की त्या दिवशी मला खोलीची खिडकी उघडी ठेवू दिली. पण सुख दोन दिवसांचं. आमच्या मालाची शिल्लक सारखी बदलते. गोडाऊनमधून एक बुश गेला तरी झाड ताजं करावं लागतं. तबस्सुमची स्क्रिप्ट ताजं करायचं म्हणजे काय करायची? सगळं झाड तोडायची आणि नवीन लावायची. त्याबरोबर तबस्सुम जिथं असेल तिथून थेट खोडावर येऊन आदळायची, आणि कानात सुरू, "ऑल पंप्स, क्लोज्ड."

"ताई, मी सीलवर पोचले की हा मला उचलून दारात आणून ठेवतो," ती म्हणायची. "परत उतरा, परत उघडा, तोवर डीलर म्हणतो, मॅडम झोपलात का? दिमाग खराब करून टाकला नुसता!"

"मग ते झाड कमी वेळा ताजं कर."

"मग नसलेला माल विकू?"

दिवसभर तिच्या तोंडून "या अल्लाह" आणि माझ्या तोंडून "अगं बाई गं", एवढंच चालायचं. फोनवर लोक खोळंबले, तक्रारी साहेबांकडे जायला लागल्या, महिना सरत आला. आणि एके दिवशी सकाळी ती एकदम शांत झाली. किरकिर नाही, चिडचिड नाही. मी विचारलं तर म्हणाली, "झालं ताई. त्याचं तोंडच बंद करून टाकलं. झाड ताजं होताना आता तो काही बोलत नाही."

तिला वाटलं दुखणं गेलं. गेलं नव्हतं, नुसतं मुकं झालं होतं. झाड ताजं झालं की ती अजूनही खोडावरच येऊन पडत होती. फक्त आता तिला ते कोणी सांगत नव्हतं.

बुधवारी सिल्लोडच्या एका डीलरचा फोन आला. त्याला एका मोटरची सील हवी होती. तबस्सुमनं सील शोधली. डीलर नग सांगता सांगता पावसापाण्याचं बोलत बसला, आणि तेवढ्यात झाड गुपचूप ताजं झालं. हिनं एंटर मारला. सॉफ्टवेअरनं विचारलं, निवडलेलं राखून ठेवायचं? हिनं नेहमीप्रमाणे होय म्हटलं. निवडलेलं होतं 'ऑल पंप्स'. गोडाऊनमधला एकूण एक पंप, मोटर, नट, वॉशर त्या सिल्लोडच्या माणसाच्या नावावर जमा.

तासाभरात गोडाऊन सांभाळणाऱ्या दत्तोपंतांचा फोन आला. ते फोनवर न बोलता थेट ओरडले असते तरी मला ऐकू आलं असतं. "अहो, गेटवर गाड्या उभ्या आहेत! एक वॉशर सोडू देईना हे सॉफ्टवेअर! कोण हा सिल्लोडचा कुबेर?" तिकडे त्या बिचाऱ्या डीलरच्या मोबाइलवर, आपला माल राखून ठेवला आहे, असे मेसेज धो धो पडत होते. त्यानं घाबरून फोनच बंद केला. मिहिरनं सगळं सोडवलं तोवर दुपार उलटून गेली होती.

कुठून झालं हे शोधायला फार वेळ लागला नाही. संध्याकाळी साहेबांनी तबस्सुमला केबिनमध्ये बोलावलं, आणि शेजारी बसते म्हणून मलाही. मला वाटलं, आता तोफ डागणार. साहेब मात्र अगदी मऊ आवाजात बोलायला लागले.

"बस, बस. घाबरू नको. तुझ्यावर काहीच येणार नाय. मी लिहून टाकलंय, दृष्टीच्या अडचणीमुळं अनवधानानं घडलं. विषय संपला. सोमवारपासून तू फोनवर बस."

मी सुटकेचा श्वास सोडला, खोटं कशाला बोलू. तबस्सुम बसली नव्हतीच.

"साहेब, मला मेमो द्या."

"आं?"

"मेमो. निष्काळजीपणाचा. चूक झाली ना?"

"अगं, लोक मेमो रद्द करा म्हणून पाया पडायला येतात इथं! तुला दिसत नाय, त्याला तू काय करणार?"

"न दिसल्यामुळं काही झालेलं नाही, साहेब. दिसत नाही ते तर रोजचंच आहे. मी स्क्रिप्टमध्ये आवाज बंद केला, तो चिडून केला, आणि तपासून पाहिला नाही. ही माझी चूक आहे. डोळ्यांच्या नावावर नका टाकू." "दत्तोपंतांनी जालन्याचा माल लातूरला पाठवला तेव्हा तुम्ही त्यांना मेमो दिला. ते आजही गोडाऊनमध्येच आहेत ना? मला माफ केलं तर माझं टेबल जातं."

साहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही तरी समजवा हिला."

मला राग आला. तिचा आला, साहेबांच्या त्या मऊ आवाजाचा आला, आणि सगळ्यात जास्त याचा आला की मघाशी मलाही बरं वाटलं होतं. मी म्हटलं, "साहेब, मी रोज हिच्या शेजारी बसते. ही हट्टी आहे, भांडकुदळ आहे, आणि हे आवाज बंद करायचं काम हिनं हलगर्जीपणानं केलं. मी साक्षीला आहे. लिहा मेमो."

साहेब कितीतरी वेळ पेनाचं टोपण उघडत-लावत बसले. मग म्हणाले, "ठीक. लिहितो. पण सोमवारी मला ते चालवून दाखवायचं. नाय चाललं तर मेमो पण आणि फोन पण."

शनिवारी मला अर्धा दिवस सुट्टी असते. ती मी मिहिरनं दिलेल्या सरावाच्या सॉफ्टवेअरमध्ये खोटा माल विकण्यात घालवली. "ताई, एक सील विका." विकली. "दोन बुश वाढवा." वाढवले. "आता मी उभी आहे तोच भाग काढून टाका." काढला. ती आता सगळं झाड तोडून नवीन लावायचं सोडून, जेवढं बदललं तेवढंच बदलत होती, आणि आपण कुठल्या फांदीवर कुठल्या पानावर होतो ते नावानिशी लक्षात ठेवून तिथंच परत येत होती. पानच गेलं असेल तर त्याच्या फांदीवर थांबायचं आणि तसं बोलून सांगायचं. हे चालेपर्यंत तिनं मला इतक्या वेळा "परत" म्हणायला लावलं की पुंडलिकनगरला घरी पोचल्यावर मुलीनं चहा विचारला तर मी तिच्यावरच खेकसले.

सोमवारी साहेब, मिहिर आणि मी तिच्या खुर्चीमागं उभे राहिलो. तिनं इअरफोन काढून आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला आणि वेग आमच्यासाठी मुद्दाम गोगलगायीसारखा ठेवला. ती फांद्या उघडत सीलवर गेली. "सील, शिल्लक बारा." मिहिरनं हातातल्या लॅपटॉपवरून, सरावाच्याच सॉफ्टवेअरमध्ये, एक विकली. क्षणभर काहीच नाही. मग तो सपाट आवाज म्हणाला, "सील, शिल्लक अकरा." ती होती तिथंच होती. मिहिरनं परत विकली, आजूबाजूचे भाग वाढवले, पुसले. ती तिथंच. शेवटी त्यानं सीलच पुसली. "सील काढली आहे. आपण मोटरवर आहात."

"जमलं की!" साहेब म्हणाले. त्यांना खरंच आनंद झाला होता, तेही सांगायला हवं. त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. "झालं तर मग. टेबल तुझंच. आता हा मेमो फाडून टाकतो. चांगल्या पोरीच्या नावावर कशाला डाग?"

"फाडू नका साहेब." तिनं हात पुढं केला. "सही कुठं करायची?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी काहीच मदत केली नाही. मग त्यांनी सवयीनं शेजारच्या टेबलावरचं शाईचं पॅड उघडून तिच्यापुढं सरकवलं आणि तिचा अंगठा धरायला गेले. तबस्सुमनं हात मागं घेतला.

"पॅड राहू द्या. पेन द्या."

मी माझी पट्टी सहीच्या ओळीवर ठेवली आणि तिचं बोट पट्टीच्या कडेला टेकवलं. तिनं पूर्ण नाव लिहिलं, तबस्सुम फारूख शेख. 'शेख' पट्टी ओलांडून तारखेवर चढला. साहेब कागद उचलून निघाले.

"साहेब," तिनं मागून विचारलं, "सगळ्यांचे मेमो ज्या फाईलला लावता, त्याच फाईलला लावणार ना?"

साहेब दारात थांबले.

"व्हय," ते म्हणाले. "त्याच."