बर्फाबाहेरचा तास

मरोळच्या लॅबमध्ये ती आणि मी एकाच वर्षी लागलो. तिचा विषय एक फॉस्फेटेज, म्हणजे प्रथिनांवर चिकटलेला फॉस्फेट काढणारं एन्झाइम. ते तीन तुकडे जुळले तरच पुरं होतं. एक आधाराचा, एक प्रत्यक्ष कापणारा, आणि तिसरा, कुठल्या प्रथिनावर कापायचं ते ठरवणारा. कापणाऱ्याच्या शेपटीला मिथाइलची बारीक खूण असली की तिसरा घट्ट बसतो. पेशीतलंच दुसरं एक एन्झाइम ती खूण पुसत असतं. पेशी फोडल्या तरी त्याचं पुसणं थांबत नाही, थंडीत मात्र मंदावतं, म्हणून नळ्या ताबडतोब बर्फात.

हे मला माहीत नव्हतं असं नाही.

त्या दुपारी तिला आईला दवाखान्यात न्यायचं होतं. साध्या, औषध न दिलेल्या पेशींच्या नळ्या तिने स्वतः बर्फात ठेवल्या होत्या. औषध दिलेल्या पेशींच्या अजून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरत होत्या.

"थांबलं की लगेच बर्फात टाक हां. विसरू नको, मठ्ठ."

"जा गं, एवढं कळतं मला."

नळ्या काढून टेबलावर ठेवल्या, तेवढ्यात फोन आला. बोलत बोलत खाली चहाला गेलो. परतलो तेव्हा तास उलटून गेला होता. गुपचूप बर्फात टाकल्या.

आठवड्याने निकाल आला : औषधाने खूण पुसली जाते, तिसरा तुकडा सुटतो. लॅबचे सर खूश. ती तर नाचलीच. तेव्हाच बोलायचं होतं. म्हटलं, असेल औषधानेच झालं.

मग तो प्रयोग परत कधी जमलाच नाही. दर वेळी खूण जागच्या जागी. महिने गेले. तिने खूण ओळखणारी अँटिबॉडी बदलली, पेशी बदलल्या, पाणीसुद्धा बदललं. "तुमच्या हातात दोष आहे," सर सगळ्यांदेखत म्हणाले. मी खाली वाकून पेन शोधत राहिलो. तिला फेलोशिपची मुदतवाढ मिळाली नाही.

गेल्या महिन्यात चारकोपच्या एका औषध कारखान्यात मशीन बघायला गेलो, तर ती तिथे तपासणी विभागात. गळ्यात टायमर.

"माझ्या हातांचा भरवसा नाही ना रे," ती हसली. "सगळं दोनदा करते."

सहा वर्षांनंतरही! उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं.

ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने विचारलं, "किती वेळ बाहेर होत्या?"

"तासभर."

"फक्त औषधवाल्या?"

"हो."

"म्हणजे पुसणारं एन्झाइम बरोबर वागलं." तिने टायमर मुठीत धरला. मग म्हणाली, "सरांना लिही. आजच. मला कॉपीत ठेव."

लिहिलं. पाच ओळींना अख्खी संध्याकाळ गेली. सरांचं उत्तर लगेच आलं, तिलाही : "आता हे उकरून कशाला?" तेव्हापासून ती माझा फोन उचलत नाही.

सर ते हातात दोष असल्याचं वाक्य बोलले तेव्हा लॅबमध्ये आम्ही सातजण होतो. बाकीच्यांचे ईमेल शोधून काढलेत. त्याच पाच ओळी आज त्या सगळ्यांना जातायत.