रिग्गईच्या न्यायाधीशबाई

नाशिकहून निघताना माझ्या बॅगेत डिंकाचे लाडू होते आणि डोक्यात लेकीचं बाळंतपण. न्यायदानाचा विचार कुठेच नव्हता. जावई वडिलांच्या ऑपरेशनसाठी भारतात आले होते, म्हणून सातव्या महिन्यातल्या सुलभाच्या सोबतीला मी नव्वदच्या जुलैअखेर कुवेतला पोचले. विमानातून उतरले तर तव्याची धग अंगावर यावी तशी हवा, आणि तिच्या रिग्गईतल्या घरात एसीचा एवढा गारठा की मी शाल मागितली.

आठवडाभरात इराकी रणगाडे शहरात शिरले आणि माझा सगळा प्रवास जिन्यापुरता उरला.

इमारतीत बरीच मराठी बिऱ्हाडं होती. कामं बंद, बाहेर बंदुका. अशा वेळी माणसं घाबरतात म्हणे. आमची भांडायला लागली. टाकीचं पाणी कुणी सांडलं, बेकरीच्या रांगेत कोण घुसलं! शेवटी गच्चीवर सभा झाली, सूचक-अनुमोदकांसह, आणि इमारतीला एक न्यायाधीश हवा असं ठरलं.

मग उमेदवारांची छाननी. वकिली शिकलेले एक गृहस्थ पहिल्याच फेरीत बाद झाले.

"त्यांना कायदा येतो नव्हं, पळवाटा काढतेत की," परभणीचे देशमुख म्हणाले.

मालवणच्या पारुळेकरांनी माझ्याकडे बोट केलं. "बाईंचा अजून कोणाशीच भांडाण झाला नाय. त्यांकाच करा."

झाले मी न्यायाधीश! अटी दोनच. दर शुक्रवारी हात वर करून मतदान, मतं समान पडली तरी पायउतार. आणि पक्षपात नको म्हणून न्यायाधीशाचं बिऱ्हाड प्रत्येक गोष्टीत शेवटी. मी हसून मान डोलावली.

काही आठवड्यांनी वकिलातीतून निरोप आला. भारतीयांना मायदेशी न्यायला शनिवारी बसऱ्याच्या वाटेनं एक बस निघणार, जागा थोड्या, पुढच्या बसचा भरवसा नाही. माझं हसू मावळलं. मी पदावर राहिले तर सुलभा शेवटी. राजीनामा द्यावा, तर तो न्यायाधीशापुढेच मांडायचा आणि न्यायाधीशाला स्वतःचा खटला चालवता येत नाही, असा सभेनं शोध लावला.

आता शुक्रवारी पडणं एवढाच मार्ग. गुरुवारी देशमुख-पारुळेकरांचा खटला आला. एका खुबूसवर (अरबी रोटी) दोघांचा दावा. मी ती मागून घेतली आणि दोघांच्या देखत चहात बुडवून संपवली.

"याला काय न्याय म्हनायचं?" देशमुख ओरडले.

पण गच्चीवर दोन तट पडले. "बाईंनी फी घेतली हे खरं, पण दोघांकडून सारखी घेतली," असं म्हणून निम्मे माझ्यावर खूश! शुक्रवारी हात मोजले, तर अगदी बरोबरी. मी सुटकेचा श्वास घेतला, तोच कोपऱ्यातून आणखी एक हात वर आला. 'ठेवा' म्हणणारा. सुलभाचा.

मी तिच्याशी बोलणंच टाकलं. शनिवारची बस आमच्याशिवाय गेली.

आमचा नंबर लागायला पुढे बरेच दिवस गेले. बसरा, बगदाद, मग जॉर्डनच्या सरहद्दीवरचा तंबू. तिथं उन्हात सुलभाच्या पायांवर सूज चढली. मी तिचे पाय चेपत होते आणि मनातल्या मनात तिच्यावर चिडत होते.

अम्मानहून विमान उडालं तेव्हा मी विचारलंच, "का गं केलास तो हात वर?"

"तू पडली असतीस तर काय केलं असतंस, आई?"

"पहिल्या बसमध्ये तुला बसवलं असतं."

"आणि तू?"

माझी जागा मी धरलीच नव्हती.

"म्हणून," ती म्हणाली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली.

मुंबईला विमानतळाच्या दारात जावई उभे होते. पुढे नातही सुखरूप झाली. रिग्गईच्या लोकांनी मला निःपक्षपाती म्हणून निवडलं होतं. टिकवलं मात्र एका साफ पक्षपाती मतानं. ते मत मिळालं म्हणून आजही माझा ऊर भरून येतो.